ब्रूसेला

ब्रूसेला : प्राण्यांच्या कोशिकांच्या (पेशींच्या) आत शिरून तेथे जिवंत राहणाऱ्या व आपली संख्या वाढविणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा एक वंश. या जंतूंमुळे गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर इ. प्राण्यांत सांसर्गिक गर्भपात हा रोग होतो. बाधित जनावरांपासून माणसाला होणाऱ्या रोगास आंदोलज्वर (चढउतार होत दीर्घकाळ टिकणारा ताप) किंवा माल्टा ज्वर म्हणतात. प्राणी व मानव यांतील या दोन्ही रोगांना मिळून ब्रूसेलोसिस असे नाव आहे. शरीरात शिरलेल्या जंतूंचा नाश करणे हे ज्या कोशिकांचे काम, त्याच कोशिकांना हे जंतू आपले वसतिस्थान करतात. रोगाचे अव्यक्त स्वरूप, निदानातील अडचणी, उपचारांची लांबण आणि जिवंत लशीची गरज या सर्व गोष्टी या एका वैशिष्ट्यातून उद्‌भवतात.

इतिहास : भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर असलेल्या ब्रिटिश सैनिकांत एक चिवट ताप आढळत असे. या तापाने मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून (पाणथरीतून) डेव्हिड ब्रूस या लष्करी वैद्यांनी रोगकारक जंतू वेगळा केला व १८८७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील बर्नहार्ट बांग यांनी गायींच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू शोधून काढला. माल्टा बेटावरील ताप शेळीच्या दुधातून पसरतो, हे थेमिस्टोक्लीझ झामिट यांच्या १९०५ मधील निरीक्षणांमुळे उघड झाले. शेळीचा जंतू व गायीचा जंतू हे एकमेकांचे निकटचे नातेवाईक आहेत, हे ॲलिस एव्हान्झ या अमेरिकन महिला शास्त्रज्ञांनी १९१८ मध्ये दाखविले. पुढे १९२० मध्ये ब्रूस यांच्या सन्मानार्थ या वंशाला सध्याचे नाव देण्यात आले.

सामान्य लक्षणे : हे जंतू अतिशय लहान, आखूड दंडाकार व ग्रॅम-अव्यक्त (ग्रॅम यांच्या रंजनपद्धतीत मूळ रंग धरून न ठेवणारे) असतात. त्यांची लांबी सु. ०·६ ते १·५ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. ते बीजुके तयार करीत नाहीत. बहुतेक जातींत दोन गुणसूत्रे असतात. ब्रू. ॲबॉर्टस ही जाती मुख्यतः गायी-म्हशींत, ब्रू. मेलिटेन्सिस शेळ्या-मेंढ्यांत, ब्रू. सुइस डुकरांत व ब्रू. कॅनिस कुत्र्यांत आढळते. मानवात सर्वांत तीव्र रोग ब्रू. मेलिटेन्सिसमुळे होतो.

मराठवाड्यातील पशुधन व हा रोग : नांदेड व लातूर या जिल्ह्यांत पशुपालन हा कोरडवाहू शेतीचा आधार आहे. नांदेड जिल्ह्यातील कंधार या गावावरून लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणी या गावावरून देवणी अशी गायींच्या दोन नामांकित जातींना नावे मिळाली आहेत. लाल कंधारी बैल शेतकामासाठी प्रसिद्ध आहेत. देवणी जात दूध व ओढकाम अशा दोन्ही कामांस उपयुक्त असून तिचे वानेरा, बालंक्या व शेवेरा असे तीन प्रकार रंगावरून ओळखले जातात. मराठवाडी म्हैस व उस्मानाबादी शेळी यांचाही या भागातील पशुधनात मोठा वाटा आहे. ब्रूसेलाच्या दृष्टीने ही सर्व जनावरे ग्रहणशील आहेत.

दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबात गाय गाभडली (तिचा गर्भपात झाला), तर वासरू जाते, त्या वेताचे दूध घटते, वार (जार) अडकून गर्भाशयात दोष निर्माण होतो आणि गाय पुन्हा गाभण राहण्यास विलंब लागतो. अशी गाय बाहेरून निरोगी दिसते. म्हणून ती विकून टाकण्याकडे साहजिकच कल असतो. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळी येथील जनावरांचा बाजार आणि लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत भरणारा बाजार प्रसिद्ध आहेत. अनेक गावांची जनावरे जेथे एकत्र येतात अशा कोणत्याही बाजारातून तपासणीशिवाय खरेदी केल्यास सुप्त संसर्ग असलेले जनावर नव्या गोठ्यात जाण्याची शक्यता असते. या प्रदेशातील पशुवैद्यकीय शिक्षण व संशोधन परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत चालते. ही दोन्ही महाविद्यालये महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी (नागपूर) संलग्न आहेत.

कोशिकांतर्गत जीवनाचे प्रकार : काही सूक्ष्मजंतूंना आश्रयी कोशिकेबाहेर वाढताच येत नाही, त्यांना अविकल्पी कोशिकांतर्गत जंतू म्हणतात. कुष्ठरोगाचा जंतू व रिकेट्सिया ही त्यांची उदाहरणे होत. ब्रूसेला, क्षयरोगाचा जंतू व विषमज्वराचा (टायफॉइडचा) जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावरही वाढू शकतात. म्हणून त्यांना वैकल्पिक कोशिकांतर्गत जंतू म्हणतात.

भक्षिकोशिका (जंतू गिळून टाकणारी श्वेत कोशिका) जंतूला गिळते तेव्हा तिच्या पटलाचा एक भाग आत ओढला जाऊन जंतूभोवती पिशवी तयार होते. तिला भक्षण-रिक्तिका म्हणतात. ही रिक्तिका क्रमाने अम्लीय होते व अखेरीस लायसोसोम या कोशिकांगाशी एकरूप होते. लायसोसोमातील एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) जंतूचे पचन करतात. या शेवटापासून सुटण्याचे निरनिराळे मार्ग जंतूंमध्ये विकसित झालेले आहेत. लिस्टेरिया व रिकेट्सिया रिक्तिकेचे पटल फोडून बाहेरच्या कोशिकाद्रव्यात उतरतात. क्षयरोगाचा जंतू रिक्तिकेची वाढ अर्ध्यावर रोखतो व तिला लायसोसोमाशी सहजी एकरूप होऊ देत नाही [⟶ क्षयरोग]. क्यू ज्वराचा जंतू (कॉक्सिएला) लायसोसोमाच्या अम्लीय वातावरणातच वाढतो. ब्रूसेलाचा मार्ग या सर्वांहून वेगळा आहे. तो रिक्तिकेतच राहतो, तिच्यातील अम्लतेचा उपयोग करून घेतो आणि मग रिक्तिकेचे स्वरूपच पालटून टाकतो.

कोशिकेत प्रवेश व तग : तोंड, नाक व डोळे यांच्या श्लेष्मल पटलांतून (बुळबुळीत अस्तरांतून) किंवा त्वचेवरील जखमेतून जंतू शरीरात शिरतात. तेथील भक्षिकोशिका त्यांना गिळतात व जवळच्या लसीका ग्रंथींत नेतात. अशा रीतीने रक्षक कोशिकाच जंतूंच्या वाहक ठरतात. गिळलेल्या जंतूंपैकी बहुसंख्य पहिल्या काही तासांत मारले जातात. उरलेल्या थोड्या जंतूंपासून पुढील सर्व संसर्ग उद्‌भवतो.

सुरुवातीच्या काळात हे जंतू विभाजित होत नाहीत. रिक्तिकेतील अम्लता वाढत जाऊन पीएच मूल्य (अम्लता दर्शविणारा अंक, ७ पेक्षा जितका कमी तितकी अम्लता अधिक) ४ ते ४·५ पर्यंत उतरते. कित्येक जंतूंना मारक ठरणारी ही अम्लता ब्रूसेलाला मात्र संकेताप्रमाणे उपयोगी पडते. अम्लता व पोषणद्रव्यांची टंचाई जाणवताच त्याच्यातील विर-बी या नावाचा बारा जनुकांचा संच कार्यान्वित होतो. या जनुकांपासून जंतूच्या आवरणात सूक्ष्म नळीसारखी स्रवणयंत्रणा तयार होते व तिच्यातून निवडक प्रथिने रिक्तिकेचे पटल ओलांडून आश्रयी कोशिकेत सोडली जातात. प्रयोगशाळेत रिक्तिकेचे अम्लीभवन औषधाने रोखले, तर ब्रूसेला सुरक्षित होण्याऐवजी पुढे वाढू शकत नाही. विर-बी जनुके काढून टाकलेले जंतूही कोशिकेत शिरतात. पण तेथे टिकत नाहीत.

जंतूच्या आवरणातील काही द्रव्येही या काळात महत्त्वाची असतात. वलयाकार रेणूंची एक बहुशर्करा रिक्तिकेच्या पटलाच्या रचनेत बदल घडवून लायसोसोमाशी होणारे मीलन मर्यादित करते. भक्षिकोशिकेने सोडलेल्या ऑक्सिजनयुक्त विषारी रेणूंचे विघटन जंतूची स्वतःची एंझाइमे करतात.

संख्यावाढ : स्रवलेल्या प्रथिनांच्या प्रभावाखाली रिक्तिका हळूहळू अंतःप्रद्रव्य जालिकेच्या (कोशिकेतील प्रथिने व वसा तयार करणाऱ्या पटलांच्या जाळ्याच्या) संपर्कात येते. जालिकेपासून सुटणाऱ्या पटलांच्या पुटिका रिक्तिकेला मिळत जातात. लायसोसोमाकडे नेणारी चिन्हे तिच्यावरून नाहीशी होऊन तिला जालिकेच्या पटलाचे गुणधर्म प्राप्त होतात. यास संसर्गानंतर सु. ८ ते १२ तास लागतात. त्यानंतर विभाजनास जोमाने प्रारंभ होतो व सु. ४८ तासांत कोशिका जंतूंनी भरून जाते. एवढे होऊनही ती लगेच मरत नाही. संसर्गित भक्षिकोशिकेचा नियोजित मृत्यू (स्वतःचा नाश घडवून आणण्याची कोशिकेची क्रिया) ब्रूसेलाचे अनेक विभेद लांबवितात, कारण तिचे आयुष्य हेच त्यांचे संरक्षण असते. शेवटी काही रिक्तिकांभोवती कोशिकेची स्वतःची जीर्ण द्रव्ये गुंडाळणारी पटले येतात व त्यांच्या साहाय्याने जंतू बाहेर पडून शेजारच्या कोशिकांत शिरतात.

वनस्पतींशी संबंधित नातेवाईक : ब्रूसेलाचे निकटचे नातेवाईक जमिनीत व वनस्पतींच्या मुळांत आढळतात. तूर, हरभरा, सोयाबीन इ. शिंबावंत (शेंगा धरणाऱ्या) पिकांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करणारे ऱ्हायझोबियम गटातील जंतू त्याच वर्गात मोडतात. हे जंतूही वनस्पतीच्या कोशिकेत पटलाने वेढलेल्या अवस्थेत राहतात. लसूणघासाच्या मुळांवरील जंतूला गाठीतील कोशिकेत टिकून राहण्यासाठी लागणारे बॅक-ए हे जनुक ब्रूसेलालाही प्राण्याच्या शरीरात दीर्घकाळ टिकण्यासाठी लागते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. विर-बी यंत्रणेशी जुळणारी यंत्रणा ॲग्रोबॅक्टिरियम हा वनस्पतींवर गाठी आणणारा जंतू आपला डीएनए वनस्पतीच्या कोशिकेत सोडण्यासाठी वापरतो. लातूरच्या शेतातील सोयाबीनला उपकारक ठरणारे जंतू आणि गोठ्यातील गायीला अपायकारक ठरणारा जंतू यांची साधनसामग्री अशा प्रकारे अंशतः समान आहे.

प्रतिरक्षेला चकवा : पुष्कळ ग्रॅम-अव्यक्त जंतूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकॅराइड (वसा व बहुशर्करा यांचे संयुक्त द्रव्य) शरीराला ताबडतोब धोक्याची सूचना देते व तीव्र दाह सुरू होतो. ब्रूसेलाच्या या द्रव्यातील वसाम्लांच्या साखळ्या फार लांब असल्यामुळे शरीरातील ग्राही त्यांना नीट ओळखत नाहीत. शिवाय ग्राहींकडून मिळणारी सूचना कोशिकेच्या आत पोहोचू नये अशी व्यवस्था करणारी प्रथिनेही हा जंतू सोडतो. परिणामी संसर्ग गाजावाजा न होता स्थिरावतो व प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा, कास आणि लसीका ग्रंथी यांत वर्षानुवर्षे टिकतो.

रक्तात प्रतिपिंडे (जंतूविरुद्ध तयार होणारी प्रथिने) निर्माण होतात. परंतु ती कोशिकेच्या आत पोहोचत नसल्याने त्यांचे संरक्षण अपुरे पडते. खरा प्रतिकार टी लसीका कोशिका करतात. त्यांनी स्रवलेल्या गॅमा इंटरफेरॉनामुळे भक्षिकोशिका उत्तेजित होतात व आपल्या आतील जंतूंना मारू शकतात.

वार व गर्भपात : गाभण जनावराच्या गर्भाशयात ब्रूसेलाची वाढ कमालीची वेगाने होते. वारेच्या बाह्य स्तरातील कोशिकांत जंतूंची दाटी होते, त्या कोशिका नष्ट होतात आणि गर्भाचे पोषण तुटते. गाय, शेळी, मेंढी व डुक्कर यांच्या गर्भाशी संबंधित ऊतकांत एरिथ्रिटॉल ही शर्करावर्गीय अल्कोहॉल आढळते. ब्रू. ॲबॉर्टस ती ग्लुकोजापेक्षाही पसंतीने वापरतो. जंतू वारेकडे आकृष्ट होण्याचे हे एक कारण मानले जाते; मात्र ते एकमेव कारण नाही.

गायीत गर्भपात बहुधा पाचव्या महिन्यानंतर होतो. बहुतेक गायी एकदाच गाभडतात व पुढील वेतांत वरवर सुरळीत वितात. पण प्रत्येक वेळी वार, गर्भजल व दूध यांतून जंतू बाहेर टाकीत राहतात. म्हणून ‘एकदा गाभडली, आता बरी झाली’ हा समज घातक ठरतो. वळूंत वृषणशोथ (वृषणांची दाहयुक्त सूज) व जुनाट संसर्गात गुडघ्यांवर गाठी येणे ही लक्षणेही दिसतात.

मानवातील रोग : मानवात संसर्ग मुख्यत्वे न तापविलेले दूध व त्याचे पदार्थ सेवन केल्याने, तसेच विताना किंवा गाभडताना जनावराला उघड्या हातांनी हाताळल्याने होतो. धारोष्ण दूध पौष्टिक असते, अशी समजूत ग्रामीण भागात रूढ आहे. दूध उकळून पिण्याची घरोघरची पद्धत मात्र या रोगापासून उत्तम संरक्षण देते. ६३° से. तापमानास ३० मिनिटे किंवा ७२° से. तापमानास १५ सेकंद दूध तापविल्यास ब्रूसेला मरतो. पशुपालक, पशुवैद्य, कत्तलखान्यातील व प्रयोगशाळेतील कर्मचारी यांना विशेष धोका असतो. माणसाकडून माणसाला हा रोग क्वचितच होतो.

बहुधा एक ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, ताप, भरपूर घाम, सांधेदुखी, कंबरदुखी, थकवा व वजन घटणे ही लक्षणे दिसू लागतात. ती विषमज्वर, हिवताप किंवा क्षयरोग यांच्याशी मिळतीजुळती असल्याने रोग वारंवार निसटतो. कण्याच्या क्षयात व ब्रूसेलोसिसात पाठदुखी सारखीच असू शकते. म्हणून दीर्घकाळ ताप असलेल्या रुग्णाकडे जनावरे आहेत काय, अलीकडे एखादे गाभडले काय आणि दूध कच्चे घेतले जाते काय, हे प्रश्न निदानाच्या दृष्टीने मोलाचे ठरतात.

उपचार : औषध केवळ रक्तात असून भागत नाही, ते कोशिकेच्या आत, जंतूच्या रिक्तिकेपर्यंत पोहोचावे लागते. डॉक्सिसायक्लीन व रिफँपिसीन ही प्रतिजैव औषधे कोशिकेत चांगली शिरतात. स्ट्रेप्टोमायसीन कोशिकेत अल्प प्रमाणातच शिरते. तथापि डॉक्सिसायक्लिनाबरोबर त्याचा उपयोग परिणामकारक ठरतो. एकाच औषधाने किंवा थोडे दिवस उपचार केल्यास कोशिकांत उरलेल्या जंतूंमुळे रोग उलटतो. यासाठी दोन औषधे एकत्रितपणे सामान्यतः सहा आठवडे द्यावी लागतात; कण्याला किंवा हृदयाला बाधा असल्यास याहून अधिक काळ. ताप उतरताच औषध थांबविणे हे रोग उलटण्याचे एक प्रमुख कारण आहे. जनावरांत असा उपचार खर्चिक व बेभरवशाचा असून दुधात औषधाचे अंश उतरतात. म्हणून तो करीत नाहीत.

निदान : जंतूचे संवर्धन (कृत्रिम माध्यमावर वाढविणे) हा निश्चित पुरावा होय, पण त्यास वेळ लागतो व प्रयोगशाळेत काम करणाऱ्यास संसर्गाचा धोका असतो. व्यवहारात रक्तरसातील प्रतिपिंडे ओळखणारी रोझ बेंगॉल कसोटी, एलायझा कसोटी आणि अनेक गायींच्या एकत्रित दुधासाठी दुग्ध-वलय कसोटी वापरतात. नुकताच संसर्ग झालेल्या किंवा विण्याच्या सुमारास असलेल्या जनावरात कसोटी नकारात्मक येऊ शकते. बाधित गायीच्या काही कालवडी तर पहिल्या वेतापर्यंत कसोटीत निर्दोष दिसतात. यामुळे खरेदीच्या वेळची एकच तपासणी पुरेशी नसते. नवे जनावर वेगळे बांधून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणे योग्य ठरते.

प्रतिबंध : पुष्कळ पाश्चात्त्य देशांनी बाधित जनावरे शोधून त्यांची कत्तल करून व मालकांना भरपाई देऊन या रोगाचे उच्चाटन केले. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमान्वये गायींच्या कत्तलीस बंदी आहे आणि लहान पशुपालकाला जनावर गमावणे परवडणारेही नाही. म्हणून येथे लसीकरण व गोठ्यातील स्वच्छता यांवरच भिस्त आहे.

मृत जंतूंच्या लशीने मुख्यतः प्रतिपिंडे निर्माण होतात व कोशिकांतर्गत जंतूविरुद्ध त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. टी लसीका कोशिकांना चेतविण्यासाठी काही काळ कोशिकेत राहणारा, पण रोग न करणारा जिवंत जंतू लागतो. जॉन बक यांना १९२३ मध्ये गायीच्या दुधातून मिळालेला व ठेवणीत आपोआप सौम्य झालेला ‘विभेद १९’ हा असाच जंतू होय. एरिथ्रिटॉलाचा उपयोग करण्याची क्षमता त्यात राहिलेली नाही. भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना व म्हशींच्या वगारींना ही लस आयुष्यात एकदा टोचण्याची तरतूद आहे. या वयात टोचल्यास लशीमुळे निर्माण झालेली प्रतिपिंडे बहुधा मोठेपणापर्यंत ओसरतात व पुढील तपासणीत घोटाळा होत नाही. गाभण जनावरांत ही लस गर्भपात घडवू शकते व नरांत वृषणांना बाधा करू शकते; म्हणून ती त्यांना देत नाहीत. चुकून सुई लागल्यास लस टोचणाऱ्यालाही रोग होऊ शकतो. शेळ्या-मेंढ्यांसाठी रेव्ह-१ ही वेगळी जिवंत लस काही देशांत वापरतात.

गोठ्यात पाळावयाचे नियम साधे आहेत. गाभडलेल्या जनावराला इतरांपासून वेगळे बांधावे. वार व मृत गर्भ उघड्या हातांनी न उचलता, हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून, चुन्यासह खोल पुरावेत. उकिरड्यावर टाकल्यास कुत्री ते पसरवितात व इतर जनावरे हुंगून किंवा चाटून बाधित होतात. ओलसर, थंड व सावलीच्या जागी जंतू कित्येक आठवडे जगतात, तर कडक उन्हात ते लवकर मरतात. म्हणून जागा जंतुनाशकाने धुऊन उन्हाला उघडी ठेवावी. गर्भवती स्त्रियांनी गाभडलेल्या जनावरापासून दूर राहावे. कोणत्याही गर्भपाताची माहिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास देऊन रक्ताची तपासणी करून घ्यावी. गर्भपाताची इतरही कारणे असतात व ती तपासणीशिवाय ओळखता येत नाहीत. बाधित जनावराचे दूध चांगले उकळल्याखेरीज वापरू नये आणि असे जनावर संसर्गाची माहिती दडवून बाजारात विकू नये.